मशीन हँग होतंय

माझं आयुष्य बसच्या खाली उताणं पडून गेलं. डेपोत मेकॅनिक होतो. इंजिन बिघडायला लागलं की आधी कुरकुरतं, मग खोकतं, मग धूर सोडतं. म्हणजे बिचारं सांगून मरतं. हा कॉम्प्युटर तसला नाही, बोलता बोलता मरतो.

आधी बरा चालायचा. मग कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "काका, यावरची सिस्टीम आता बाद झाली. लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं." पळालं खरं, पण पळता पळता मध्येच थिजायला लागलं. त्यातही लेकीशी बोलताना हमखास.

लेक परदेशात असते, रविवारी व्हिडिओ कॉल करते. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी ती पडद्यावर अडकून पडायची. माऊस हलायचा नाही, कोपऱ्यातलं घड्याळही थांबायचं. शेवटी बटण दाबून सगळं बंद करायचं. पुन्हा सुरू होईपर्यंत तिचा मेसेज आलेला असायचा, 'राहू द्या बाबा, पुढच्या रविवारी बोलू.'

मला तिला एकच गोष्ट विचारायची होती. तिची आई गेल्यापासून मी एकटा असतो. मध्यंतरी बाथरूममध्ये पडलो. हाड मोडलं नाही, पण सकाळी पडलेला माणूस दुपारी उठला. तिथेच फरशीवर पडल्या पडल्या ठरवलं, तिला विचारायचं, मी तुझ्याकडे राहायला येऊ का? फोनवर नाही विचारायचं. फोनवर 'या ना' म्हणायला काय जातंय? म्हणताना तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं, आणि मोबाइलच्या एवढ्याशा काचेत मला तिचं नाकसुद्धा धड दिसत नाही.

दोनदा वाक्य सुरू केलं, दोनदा मशीन मेलं. दुकानदारानं हात वर केले. "मी टाकून देतो काका, पुढचं तुम्ही शिका."

तर या वयात शिकायला बसलो. हौस नव्हती, भीती होती. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक मंच सापडला, तिथे रडगाणं लिहिलं. जितकी तोंडं तितकी औषधं. कुणी म्हणे कॅमेरा बदला, कुणी म्हणे ड्रायव्हर बदला, कुणी म्हणे ही आज्ञा जशीच्या तशी टाइप करा. मी एका दिवसात सगळंच केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! संध्याकाळी मशीन सुरूच होईना. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची मुंग्यांसारखी रांग. डोकं धरून बसलो. चिडून एक लाथही घातली टेबलाला; टेबलाला काही झालं नाही.

त्या मंचावर 'घुबड' नावानं लिहिणारा एक गृहस्थ होता. मोबाइलवरूनच पुन्हा मंचावर लिहिलं, तेव्हा त्याचं उत्तर आलं, "एका वेळी एकच गोष्ट बदला. मग थांबा आणि बघा." लाज वाटली. हेच वाक्य मी नव्या पोरांना ओरडून ओरडून सांगायचो.

मग शहाण्यासारखं केलं. दुकानदाराकडून लिनक्स पुन्हा टाकून घेतलं. घुबडाच्या सांगण्यावरून मेमरी तपासली, ठीक निघाली. पडद्यावरची नखरेल हालचाल बंद केली, तरी हँग. शेवटी तो म्हणाला, "कर्नल म्हणजे सिस्टीमचं इंजिन. तुमचं नवं आहे आणि पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड जुनं. दोघांचं पटत नसेल. आधीचं कर्नल टाकून बघा." ही भाषा मला कळली. टाकलं. मग कसोटी म्हणून व्हिडिओ लावला. कुणीतरी माणूस विटांची भिंत बांधत होता, एक झाली की दुसरी. मी दिवसभर समोर बसून राहिलो. तीन भिंती झाल्या, मशीन थिजलं नाही. घरात एकट्यालाच हसू आलं.

रविवारी लेक स्वयंपाकघरात बसून बोलत होती. मागे तिचं वॉशिंग मशीन चालू होतं.

"बाबा, आज किती स्वच्छ दिसताय!"

"मशीन दुरुस्त केलं. मी, स्वतः."

"काय सांगता! आता दुकानच काढा तुम्ही."

दोघंही हसलो. त्या हसण्याच्या भरात पडल्याचं सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. "अहो, मग कळवलं का नाहीत?"

"कशाला उगाच तुझ्या जिवाला घोर. पण मी काय म्हणतो... मी तुझ्याकडेच राहायला येऊ का? कायमचा?"

चित्र थांबलं.

ओठ किंचित उघडे, नजर खाली, एक बोट गालावर. सवयीनं माझा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात तिच्या मागे लक्ष गेलं. वॉशिंग मशीनच्या गोल काचेत कपडे फिरत होते. एक निळा टॉवेल वर यायचा, खाली जायचा, पुन्हा वर यायचा.

ती पापणीही हलू देत नव्हती. हे ती माझ्याच मशीनकडून शिकली असणार. मला राग यायला हवा होता. डेपोत याहून कमी कारणांवरून मी लोखंडी पाने फेकून मारलेत. पण वाईट वाटलं ते तिचंच. माझी पोर श्वास रोखून बसली होती, आणि मी समोर होतो तोवर तिला तो सोडता येणार नव्हता.

"हॅलो? अडकलं वाटतं पुन्हा," असं मोठ्यानं म्हणून मीच कॉल बंद केला.

थोड्या वेळानं मोबाइलवर मेसेज आला. 'बाबा, परत हँग झालं ना तुमचं? जपून राहा. पुढच्या रविवारी बोलू.'

मी लिहिलं, 'हो गं. मशीनच जुनं आहे.'

लगेच अंगठ्याचं चित्र आलं.