लोखंड पोचायच्या आधी

कात्रीच्या कडीत अंगठा शिरत नाही.

लोखंड, पण इतकं बारीक की बाटलीत नुसता कोरा चहा दिसावा.

उजवी बाही काखेपर्यंत उसवलेली.

निरोगी ग्रंथी काळी. रोगट ग्रंथी पांढरी.

"मग ओळख असते कशाला?" भाऊ म्हणाला होता.

ती केस कापायची. स्वतःचं दुकान, तीन खुर्च्या. स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हा प्रश्न उरला काखेतल्या ग्रंथींचा. रोग तिथवर गेला असेल तर त्या सगळ्या काढायच्या, आणि मग हात कायमचा सुजायची भीती. नसेल तर हात वाचला.

ते बघायला लोखंडाचे चुंबकी कण शिरेतून सोडतात. निरोगी ग्रंथी ते गिळतात आणि एमआरआयच्या चित्रात काळ्या पडतात. रोगाने भरलेल्या पांढऱ्याच राहतात.

एमआरआयचं मशीन तिचा धाकटा भाऊ चालवायचा.

"सकाळी औषध, दुपारी फोटो. उरकून टाकू, तायडे."

"नर्स फोटोला उद्या ये म्हणाली होती रे."

"उद्या तोबा गर्दी. लोकांसारखी ताटकळत बसणार आहेस? आणि नर्सला काय विचारतेस! मशीन तिचा भाऊ चालवतो की तुझा?"

ती हसली. आत जाऊन आडवी झाली.

भावाचा हात नेहमीच्या औषधाला सरावलेला. ते मिनिटांत चित्रात उतरतं. हे कण ग्रंथींत मुरायला अख्खा दिवस घेतात. चित्रात सगळ्या ग्रंथी पांढऱ्याफटक दिसल्या. चित्र वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी औषध आदल्या दिवशी दिलेलं धरलं. सर्जनने काख साफ केली.

काढलेल्या ग्रंथींची तपासणी झाली. एकीतही रोग नव्हता.

"चांगलीच बातमी की!" भावजय म्हणाली.

"मग त्या पांढऱ्या कशा दिसल्या?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"औषध कधी दिलं होतं?"

"त्याच दिवशी. सकाळी."

बाईंनी चित्रावरची तारीख पुन्हा वाचली.

हात भरत गेला. आधी बोटं, मग कोपर. दुकानातल्या दोन खुर्च्या विकल्या. तिसरीवर ती स्वतः बसते. भाऊ सूज दाबून धरणारा मोजा घेऊन आला.

"उत्तमातला आहे, तायडे. कुठे मिळत नाही. ओळखीने आणला."

"ठेव तिथे."

"घालून तर बघ."

"तुझ्या बायकोला सांग मला घालून द्यायला. माझ्या हाताला हात लावू नकोस."

इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मशीन दुपारभर रिकामं होतं.