श्रद्धाच्या साइटवरचे पाहुणे

१९९९ साली विश्रामबागेतल्या कॉम्प्युटर क्लासात शिवांजलीने आणि श्रद्धाने आपापली पहिली वेबसाइट बनवली. शिवांजलीच्या साइटवर सरकती अक्षरं, गुलाबांची झालर. खाली भेट देणाऱ्या पाहुण्यांचा आकडा मात्र चार. श्रद्धाच्या बोडक्या साइटवर पाहुण्यांचा आकडा रोज फुगायचा. शिवांजलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. क्लासात आल्या आल्या ती श्रद्धाची साइट उघडायची, दहादा उघडून बघायची आणि चरफडायची, "मेली गावभर सांगत सुटली असणार!"

श्रद्धा महिनाभर आजोळी, मेढ्याला राहून परतली आणि आपल्या साइटवरचा आकडा बघून चाटच पडली.

"सर, तीनशे बारा? मी तर कुणाला पत्तासुद्धा दिला नाही!"

"कुणीतरी सारखं उघडतंय," सर म्हणाले. "एकाच माणसाने दहादा उघडली, तरी आकडा दहाने वाढतो."

शिवांजलीच्या पडद्यावर तीच साइट उघडी होती. श्रद्धाने तिला मिठीच मारली.

"तूच होय गं? किती जीव लावतेस!"