कानोनिगोच्या टाकीत चांदीचे थेंब

आमच्या सोचिमिल्कोत, कालव्यांमधल्या मळ्यांच्या गावात, भाजीपाला धुवायचा एकच मंत्र: लिटरला चांदीचे आठ थेंब, पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. चांदीचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंचा खातमा. माझ्या सासूबाई, दोन्या कासिल्दा, देवाखालोखाल या बाटलीला मानतात.

म्हणून मंगळवारी मळ्यातून परतलो आणि त्या हातात जपमाळ घेऊन कानोनिगोच्या काचटाकीपाशी उभ्या दिसल्या, तेव्हा मला वाटलं, प्रार्थना चाललीय. कानोनिगो माझा अहोलोते, मानेला पिसांसारखे कल्ले असलेला पाण्यातला सरडाच म्हणा ना. शनिवारी त्याला मळ्याच्या जाळीबंद चरात सोडायचं होतं. तीन वर्षं वाढवलेला. माझा फार जीव होता त्याच्यावर.

"पाणी घाण होतं," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस लिटर, तीनशे वीस थेंब. मण्यांवर मोजलेत, एकही जास्त नाही."

शेजारच्या टबात त्याच्या खाण्यासाठी पाळलेल्या पाणपिसवा तळाला मरून पडल्या होत्या.

"तिथे तर किडेच झाले होते," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी तिथे टाकले."

"अहो, पाण्यात जगणाऱ्यांच्या जिवावर उठतात ते थेंब."

"तीस वर्षं धुऊन खातेय मी. मला काय धाड भरली?"

"तुम्हाला कल्ले नाहीत."

कानोनिगोचे कल्ले आखडले होते. तो सारखा वर येऊन हवा गिळत होता. मला ओरडायचं होतं, पण रडूच यायला लागलं.

सासूबाईंनी एकदा टबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, शिजवायचं त्यांचं लाडकं मातीचं भांडं उचललं आणि चरावर जाऊन लव्हाळ्यातून गाळलेलं पाणी भरून आणलं. आयुष्यभर त्या पाण्याला त्या गटार म्हणत आल्या होत्या.

शनिवार गेला. कानोनिगो भांड्यातच. सासूबाईंनी नऊ दिवसांची प्रार्थना मांडली आणि रोज दोनदा स्वतः पाणी बदललं. मोले कुणालाच मिळालं नाही.

नवव्या दिवशी त्याने गांडूळ मटकावलं. सासूबाई रडल्या आणि सगळं श्रेय माता मेरीला देऊन मोकळ्या झाल्या. मी कशाला हुज्जत घालू?

त्याला उचलायला मी हात पुढे केला.

"आधी हात धुवा, जावईबापू."

मी ओट्यावरच्या बाटलीकडे बघितलं.

"साध्या पाण्याने," त्या म्हणाल्या.