चार उंड्यांची सूर

पार्से गावात गोकुळदासाचे उंडे, गोल कडक पाव, लोकांना आवडायचे, आणि उंड्यांपेक्षा त्यांची कीर्ती जास्त आवडायची: हा माणूस बांद्याकडचा, परका, तरी जुन्या पोदेरासारखं, इथल्या पाववाल्यासारखं, पीठ माडाच्या सुरेनं, म्हणजे ताज्या माडीनंच फुगवतो. सुरुवातीला ते खरंही होतं. मग एका पावसाळ्यात सूर पुरेना, त्याने यीस्टचं पाकीट फोडलं, पाव झकास फुगला आणि कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं धरून पाकीट फडताळात कायमचं राहायला आलं.

भट्टी मात्र त्याची नव्हती. ती कोंसेसांवबायची. तिचा नवरा गावचा पोदेर होता. तो वारला, मुलगे परदेशी गेले, तेव्हा तिने भट्टी गोकुळदासाच्या हाती दिली ती एकाच अटीवर, सुरेशिवाय पीठ मळायचं नाही. कागद केला नाही. तिचं नाक कागदापेक्षा पक्कं होतं. म्हणून गोकुळदास तिच्या घरी रोज जाणारे चार उंडे तेवढे सुरेचे करायचा. माडी काढणारा धाकू रेंदेर माडावरून उतरला की औषधाच्या बाटलीत मावेल एवढी सूर त्याच्याकडे देऊन जायचा आणि बाटलीकडे बघून नुसता हसायचा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कपेलच्या फेस्ताआधी, गावच्या छोट्या चर्चच्या सणाआधी, नवा पाद्री बेकरीत आला. शुभवर्तमानात म्हणे ग्रीक भाषेतला एक शब्द आहे, झुमे. म्हणजे खमीर. एका बाईने ते पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगलं, देवाचं राज्यही तसंच आतून, मुकाट्याने काम करतं, असं त्याने समजावलं. प्रवचन चालू असताना लोकांसमोर खरंखुरं सुरेचं पीठ फुगताना दिसावं अशी त्याची हौस होती, आणि ते पीठ गोकुळदासाने मळून आणायचं होतं. म्हाताऱ्या कोंसेसांवबायला खुर्चीत बसवून उचलून आणणार होते, आणि तिची जागा अगदी पुढे.

गोकुळदासाचं जेवणावरचं लक्ष उडालं. प्रवचन संपलं आणि पीठ तसंच बसलेलं राहिलं, तर याचा सुरेवरचा हात गेलाय हे तिला कळणार आणि भट्टी गेली. त्याने धाकूकडे कळशीभर सूर मागितली.

"एवढी?" धाकू म्हणाला. "चार उंड्यांक?"

फेस्ताच्या सकाळी त्याने पीठ मळलं, झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. सूर आपल्या गतीने चालली होती, गोकुळदासाचा जीव तिच्या पुढे धावत होता. शेवटी त्याने चिमूटभर यीस्ट टाकून पुन्हा मळलं. जरा वेळाने आणखी चिमूट. हात तिसऱ्यांदा पाकिटाकडे वळला तेव्हा बायको संजना म्हणाली, "पुरे. पीठ आसा ता, फटाको न्हय." तोवर मुठीतलं पिठात पडलं होतं.

कपेलमध्ये वेदीच्या पायरीवर पातेलं, त्यावर पांढरं फडकं. पाद्री बोलू लागला तसं फडकं हळूच वर आलं. लोक एकमेकांना कोपर मारू लागले. मागे भिंतीला टेकलेला गोकुळदास या पायावरून त्या पायावर होत राहिला. त्याला वाटलं, निभावलं.

मग पाद्री म्हणाला की येशूने हाच शब्द आणखी एके ठिकाणी वापरलाय. ढोंगाच्या खमिरापासून जपा, असं तो शिष्यांना सांगतो, कारण झाकलेलं असं काहीच नाही जे उघडं पडणार नाही. हे पुस्तकातलंच होतं, पाद्र्याच्या मनात काही नव्हतं. पण नेमकं तेव्हाच फडकं घसरलं आणि पीठ काठावरून पायरीवर ओघळलं. पोरं खिदळली. पाद्री खूश झाला. गोकुळदासाच्या पाठीवरून घाम उतरला.

प्रार्थना आटोपल्यावर कोंसेसांवबायने त्याला पातेल्यापाशी बोलावलं. पिठाचा गोळा तोडून नाकाशी धरला.

"सूर आहे," ती म्हणाली. गोकुळदासाने श्वास सोडला. "पण सुरेला एवढी घाई कधी नसते, बाबा. माझ्याकडे येतात ते उंडे कशाचे?"

"सुरेचेच, बाय. देवाशपथ."

"आणि गावाचे?"

त्याने धाकूकडे पाहिलं. धाकू कपेलच्या छपराची कौलं निरखत होता.

"पाकिटाचे," गोकुळदास म्हणाला.

म्हातारीने गोळा पुन्हा पातेल्यात टाकला, बोटं रुमालाला पुसली. भट्टी काढून घेते असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "उद्यापासून उलटं कर. गावाला सुरेचे, मला पाकिटाचे. आणि तू स्वतः आणून दे."

दुसऱ्या दिवशी धाकूने कळशी भरून आणली आणि पहिल्यांदाच हसला नाही. गोकुळदास चार उंडे पिशवीत घालून कोंसेसांवबायच्या दारात गेला. तिने एक उंडा मोडला, वास घेतला, चहात बुडवला आणि तोंड वाकडं न करता सावकाश खाऊ लागली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. गेली इतकी वर्षं हेच पाव गावभर विकताना ज्याला काही वाटलं नव्हतं, त्या गोकुळदासाला आता उंबऱ्यात उभंही राहवेना आणि निघताही येईना. ती दुसऱ्या उंड्याकडे हात नेत होती.