शिळेखाली खजिना असतो, हे मी सांगितले

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे. नीट सांगायचे तर अर्धीच उरले आहे. बाकीची पाने वाळवीने खाल्ली. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. छापताना लाल रंग जरा सरकला, म्हणून माझ्या नायकाचे, पुरातत्त्वज्ञ रणवीरचे, ओठ कायमचे गालावर गेले. तरी मुलांनी मला डोक्यावर घेतले. रणवीर जुनी शिळा उलथवतो आणि खाली सोन्याची पेटी निघते, याचा मला भारी गर्व होता.

फिरत फिरत मी जासई गावातल्या काशी नावाच्या शाळकरी मुलीकडे आले. तिचे वडील धर्मराज भातशेती करत. नव्या शहरासाठी त्यांचे शेत सरकारने घेतले होते. भराव पडायचा तेवढा बाकी होता. बांधावर चंद्रसूर्य कोरलेली एक शिळा उभी होती. एका शुक्रवारी शाळेतल्या स्मिताबाई ती पाहायला आल्या.

"ही गधेगाळ आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वी जमीन दान दिली की असा दगड लावायचे. ती हिसकावणाऱ्याला शाप. कुणाला दिली, तेही लिहिलेलं असतं."

धर्मराज पुढे सरकले. "बाई, आमच्या वारवडलांचा नाव हाय का, बगा ना."

"शेंदराखाली नीट दिसत नाही. सोमवारी कागद-शाई आणते, ठसा घेऊ."

धर्मराज सोमवारची वाट पाहू लागले. काशीने मात्र मला उघडले. खजिना मिळाला तर बाबांचे शेत परत येईल, असे त्या वेडीला वाटले. रविवारी ती मैत्रिणींना घेऊन गेली आणि पहारीने शिळेचा पाया उकरला. शिळा खड्ड्यात पालथी पडली. खाली नुसता चिखल होता. काशी रडत बाबांना बोलवायला धावली. ते येईपर्यंत भरावाचे डंपर येऊन रिकामे झाले होते आणि बांध मुरुमाखाली गेला होता.

सोमवारी बाई कागदाची गुंडाळी घेऊन आल्या. धर्मराज काशीला रागावले नाहीत. "कोनाचा तरी नाव व्हता," एवढेच म्हणाले.

काशीने मला पुन्हा उघडले नाही. ट्रंकेत पडल्या पडल्या मी माझे ते पान आठवते आणि मला लाज वाटते. रणवीरच्या शिळेवर अक्षरे नाहीतच! चित्रकाराने नुसत्या नागमोडी रेघा ओढल्या आहेत, कारण माझ्या गोष्टीत ती शिळा कोणी वाचतच नाही. मित्रांनो, तुमच्या गावात असा दगड असेल, तर पहार घेऊन जाऊ नका. जाणत्याला बोलवा आणि आधी तो वाचून घ्या. त्याच्याखाली काहीही नसते.