आठ पाचची काळी गोळी

"कोणाले सांगशील तर लोक म्हणतील म्हातारा चळला," मधुकरराव खुर्चीत सावरून बसले, "पण याच कोळशानं मी कोराडीत मेलेली म्हैस उठवली होती!"

श्वेता हसली नाही. बापाच्या औषधांचा डबा तिनं ओट्यावर उपडा केला होता.

चार दिवसांपूर्वी शेजारच्या रजतनं तिला पुण्याला फोन केला होता. काकांचं बीपी एकशे ऐंशीवर गेलंय, रोज गोळी घेऊनही उतरत नाही. दिवाळीपासून 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणणारी लेक दुसऱ्याच दिवशी नागपुरात, बेश्याच्या फ्लॅटच्या दारात उभी राहिली. मधुकररावांनी दार उघडलं तेव्हा त्यांची छाती धडधडत होती, आणि ती काही बीपीनं नव्हे.

आज ती डब्यातली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवून आली होती.

"बाबा, गॅससाठी या काळ्या कॅप्सूल घेता ना, त्या कोळशाच्या आहेत. पोटात बीपीची गोळी गेली की तिलेही तो कोळसा शोषून घेते. गोळी अंगी लागतच नाही."

"मले काय माहीत बाप्पा! पस्तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा ढकलला. म्हटलं, आपलाच माल हाय."

"तो दगडी कोळसा. हा करवंटी-लाकडाचा, औषधासाठी वेगळा तयार केलेला. विष पोटात गेलं तर दवाखान्यात देतात, तेही लवकर नेलं तर, अन् काही विषांवरच. गॅसवर त्याचा उपयोग होते का, हेही धड ठाऊक नाही म्हणाले डॉक्टर."

"विष! तेच तर सांगून राहिलो! आपल्या बळीरामच्या म्हशीनं धोतरा खाल्ला. चारी पाय वर. बळीराम ऊर बडवून राहिला. मी म्हटलं, थांब गा..."

ते थांबले. इथं नेहमी थांबायचं असे. कॉलनीतल्या क्वार्टरच्या पायरीवर फ्रॉकातली श्वेता गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसायची आणि या जागी 'मग?' म्हणायची. तो 'मग?' ऐकायला मधुकररावांनी आयुष्यात किती म्हशी मारल्या आणि किती उठवल्या! बायको, जिजाबाई, गेल्यापासून या तिसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्टीशिवाय त्यांच्या गोष्टीला कोणी हुंकार दिला नव्हता.

"मग?" श्वेता म्हणाली.

मधुकरराव खाकरले आणि सुटले. "मग काय! दोन घमेली कोळसा पाण्यात कालवला अन् पाजला. म्हशीनं असा ढेकर देल्ला, असा ढेकर देल्ला, का अख्ख्या कॉलनीतले दिवे भक्कन उजळले! मोठे साहेब धावत आले, म्हणे मधुकर, एवढी वीज कोठून येऊन राहिली?"

श्वेता उठली होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती आणि नजर फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर.

मधुकररावांचा ढेकर तिथंच विरला.

तोंडानं वाटेल ती म्हैस उठवणारा हा माणूस नोंदवहीत मात्र कधी खोटं लिहीत नसे. कोळशाचा पट्टा किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, मिनिटासकट. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. कॅलेंडरच्या चौकटींत बारीक, सरळ अक्षरात रोजची नोंद होती.

श्वेता बोट ठेवून वाचू लागली. "पाच तारीख. औषधवाला म्हणाला, बीपीची गोळी अन् काळी गोळी, मध्ये दोन तास सोडा, नाहीतर बीपीची लागत नाही." बोट खाली सरकलं. "सहा तारीख. आठ वाजता बीपी, दहा वाजता काळी. सात, तसंच. आठ, तसंच..."

"चहा टाकतो तुझ्यासाठी," मधुकरराव म्हणाले. पण उठले नाहीत.

"तेरा तारीख. श्वेताचा फोन, याही महिन्यात जमत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "चौदा. आठ वाजता बीपी, आठ पाचला काळी. पंधरा, आठ पाच. सोळा, आठ पाच..."

बोट आजपर्यंत आलं. ती आल्यापासून काळ्या गोळीची एकही नोंद नव्हती.

श्वेता वळली. डोळे भरले होते तिचे.

"म्हैस खोटी हाय हे मले लहानपणीच समजलं होतं, बाबा. पण 'मले काय माहीत' हेही खोटं! तुम्हाले सारं माहीत होतं. मी यावं म्हणून तुम्ही जीवाशी खेळून राहिले होते!"