रविवारची सभा

"मॅडम, त्या बायकांना सभेत बोलायची परवानगी दिली कुणी?" मैत्रिणींनी वडापावची पैज लावली, म्हणून ऋतिकानं भर वर्गात विचारलंच.

मॅडम एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेबद्दल सांगत होत्या. तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांनी आपल्या वस्तीत शाळा काढल्या, गुलामगिरीविरुद्ध भरसभेत भाषणं ठोकली.

"कुणीच नाही गं," मॅडम हसल्या. "उभ्या राहिल्या नि बोलल्या!"

ऋतिका उड्या मारतच कोळीवाड्यात आली. आई खळ्यावर जवळा वाळत घालत होती. हेच खळं पार्किंगला द्यायचं का, हे रविवारी गावाच्या सभेत फक्त पुरुष ठरवणार होते.

"बाबा, आईला विचारलं कुणी?"

"बायांना सभेत कोन बोलावतंय?" जाळं शिवता शिवता बाबा म्हणाले.

"न बोलावताच येनार! रविवारी मी बोलनार हाय, नि आई माझ्या बाजूला बसनार."